झाडांखालची सरळ रेघ

जान्हवीने एक कळ दाबली आणि तुळसाकाकीची झाडं गेली. केवडा गेला, निवर गेले, त्यांच्यामागची करंजं गेली, नदीच्या कडेने बत्तीस वर्षं जिने एकेका रोपाला हाताने पाणी घातलं तिच्या डोळ्यांदेखत सगळं बेट पुसलं गेलं. मागे उरली ती करडी, सोललेल्या फणसासारखी उघडी जमीन. तुळसाकाकीचा हात आपोआप पदराकडे गेला. स्वतःचंच काही उघडं पडल्यासारखं तिला वाटलं. "झाडां खंय गेली गो?" तिने विचारलं, आणि आपला आवाज एवढा बारीक कधीपासून झाला याचा तिला राग आला. या वाघोळे गावात तिचा आवाज नदीपल्याड ऐकू जात असे. "खंय जातली? आसत थयच. मी फक्त बाजूक केलंय," नात म्हणाली. पुण्याला नदीमोजणीची नोकरी करणारी ही पोर घरी आली की पडवीच्या मातीवर फतकल मारून बसे आणि लॅपटॉप मांडीवर घेई, सुपात तांदूळ घेतल्यासारखा. "विमानातसून उजेडाचे कण सोडतत, आजी. लाखांनी. डोळ्यांक दिसणत नाय. एक पानार आपटान परत येता, एक फांदयेर, आणि पानांच्या फटीतसून एखादो भुतूर शिरता तो जमनीर आपटान येता. परत येवक किती वेळ लागलो त्याच्यावरसून उंची कळता. मगे पानांवरचे कण बाजूक काढूचे. उरता ती जमीन."

हे तुळसाकाकीला लगेच समजलं. ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते सांगायला तिला कुणी मास्तर लागला नव्हता. वरून खडे टाकले, एवढंच. तेही पानांना न दुखावता. तिला ते विमान आवडलंच. मग जान्हवीचं बोट पडद्यावरून सरकत नदीच्या वळणावर आलं आणि थांबलं. "ह्या बघ. नदी अशी सरळ रेघ कधी मारणा नाय. हयसर जुनो व्हाळ फुटत होतो, पुराचा पाणी त्यातसून खाजणात जाय. त्याचा तोंड कोणीतरी बंद केलेला आसा. साधारण वीस हात."

"एकवीस," तुळसाकाकी म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती, चुलीवर भात शिजत होता, आणि जान्हवी तिच्याकडे बघत होती. तुळसाकाकीने छातीत भीती आहे का ते चाचपून पाहिलं. असायला हवी होती. तिथे भलतंच काहीतरी होतं, लग्नाच्या दिवशी वाजंत्री वेशीवर आल्याचं ऐकून झालं होतं तसं. दिसला. एकदाचा तो बांध कुणाला तरी दिसला. एक हात कमी दिसला, पण दिसला.

बत्तीस वर्षं तो बांध गावाने देवचाराचा, देवाच्या न दिसणाऱ्या राखणदाराचा, म्हणून मानला होता. आठ गावपळणींमागची गोष्ट. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात ग्रामदेव रवळनाथाचा कौल झाला की वाघोळे गाव आपली माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर पडतं आणि नदीपलीकडच्या कातळाच्या सड्यावर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहतं. तीन दिवस गाव देवाचं. त्या तीन दिवसांत वेशीआत पाऊल टाकायची कुणाची छाती नाही. त्या साली चौथ्या दिवशी लोक परतले तर आडव्या व्हाळाचं, नदीतून फुटणाऱ्या त्या ओढ्याचं, तोंड चिऱ्यामातीने बंद. माणसं गावात नव्हती, म्हणजे माणसाचं काम नव्हे. गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्या घाड्याने तिथेच गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, हो बांध तुझ्या राखणदारान घातल्यान तो आमका मान्य आसा, आणि सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. तुळसानेही म्हटलं. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तेव्हापासून दर वर्षी पावसाआधी तिथे नारळ ठेवतात. तीही ठेवते. वाकून ठेवताना दर वेळी गाळाखाली झाकलेला सांधा तिच्या डोळ्यांपुढे येतो, तिसऱ्या थरातला, किंचित तिरका, आणि दर वेळी तिला वाटतं, हा अजून नीट बसवायला हवा होता.

कुणाला सांगणार. कुणाला सांगणार की पडवीसाठी आणलेले चिरे होते ते, म्हणून तिच्या घरची, परबांची, पडवी आजतागायत मातीची आहे आणि गाव हसतं. की बाग व्हायला हवी होती, आडव्या व्हाळाच्या पाण्याने दर पावसाळ्यात रोपं उपटून जायची, आणि सासू म्हणायची, ह्या सुनेचो पाय वायट. की पहिल्या दिवशी दुपारी भरती उतरल्यावर गणपत, तिचा घरवाला, होडी सोडून म्हणाला होता, "देवान बघल्यान तर?" आणि तेहतीस वर्षांच्या तुळसाने साडीचा काचा मारत उत्तर दिलं होतं, "देव बघता, पण बोलणा नाय." पोरांना सासूजवळ ठेवून, खोपीत सांगून आले होते की कुणकेश्वराला नवस फेडायला जातो. गावात शिरले तेव्हा आपल्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दारं ओढलेली, अंगणं गप्प, तुळशीपुढे दिवा नाही, चुलीतून धूर नाही. गाव एवढं रिकामं की पान गळलेलं ऐकू यावं. पहिला चिरा खाली ठेवला तेव्हा त्याचा जो आवाज झाला तो सगळ्या घरांवरून फिरून परत आला आणि दोघं एकमेकांना धरून उभी राहिली. मग हसू फुटलं. कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून फुटलं. सासरी येऊन पंधरा वर्षं झाली होती आणि तिने गणपतचं मोठ्याने हसणं तोवर ऐकलंच नव्हतं. तीन दिवस चिरे वाहिले, चिखल तुडवला, माडाचे ओंडके खाली आडवे घातले. तिच्या पायावर चिरा पडला आणि करंगळी वाकडी झाली, ती तशीच राहिली. दुपारी गणपत नदीचं पाणी ओंजळीने तिच्या मानेवर सोडायचा. एवढं मोठं गाव, आणि त्यात दोनच माणसं, आणि ती दोघं काही बांधत होती. त्यानंतर आयुष्यात पोरं मोठी झाली, बाग झाली, मान झाला, गणपत गेला त्यालाही अकरा वर्षं झाली. पण तिचं असं जे काही होतं ते त्या तीन दिवसांत होतं, आणि ते नेमकं देवचाराच्या नावावर चढलं होतं. वर माती टिकावी म्हणून तिने केवडा लावला. केवड्याने गाळ धरला, गाळावर निवर आले, निवरांच्या मुळांनी आणखी गाळ धरला. उरलेलं नदीनेच केलं. चिरे झाकले गेले. कधी कधी तिला स्वतःलाही वाटायचं, खरंच आपण केलं का ते.

"आजी," जान्हवी म्हणाली, "पडवीचे चिरे खंय गेले, ता तू कधी सांगलंस नाय."

"तू तरी खंय सांगलंस की ता विमान तू बोलयलंस?" तुळसाकाकीने चेंडू परतवला, सवयीने. गेल्या मार्गशीर्षात सड्यावरच्या खोपीसमोर बसून तिने ते विमान पाहिलं होतं, लहानसं, पांढरं, रिकाम्या गावावरून शेतकरी नांगर फिरवतो तसं जाणारं येणारं जाणारं. खोपीखोपीतून शिव्या उठल्या होत्या. देवाच्या तीन दिवसांत हे कोण मेलं वरून डोकावतंय. तिनेही शिव्या दिल्या होत्या, चार जास्तच. आता नात खाली मान घालून हसत होती. "तेच दिवस मी मागान घेतलंय. माणसां नाय, धूर नाय, गाडये नाय. नदीक सुकती, पाणी उतरलेला. असो गाव परत कधी गावतलो?" तुळसाकाकीने तिच्याकडे नीट बघितलं. तोंडाने आईवर गेलेली, नाक गणपतचं, आणि डोकं... सगळं गाव देवाला घाबरून बाहेर पडतं तेव्हा ज्याच्या मनात येतं की आता आत जाऊन काम उरकावं, ते डोकं कुणाचं हे सांगायला विमान लागत नव्हतं. तिला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने भाताचं झाकण काढलं.

जान्हवी मात्र आता हसत नव्हती. गेल्या श्रावणात खालच्या वाडीत खिडक्यांपर्यंत पाणी चढलं. मासे विकणारी गंगू दोन शेरडं घेऊन दोन दिवस माळ्यावर बसली होती. तेव्हापासून सगळी वाडी बोट दाखवत होती ते केवड्याच्या बेटाकडे: परबांच्या झाडांनी नदी कोंडली. उद्या सकाळी देवळात बैठक होती. खात्याचा साहेब येणार, झाडं तोडायची मंजुरी घेणार, पुढल्या आठवड्यात यंत्र. "झाडां किती पाणी अडयतत ता मी मोजलंय," जान्हवी म्हणाली. "झाडां तोडली तर गंगूआजीच्या घरात पाणी वीतभर उतरात. रेघ उघडली तर कमरेइतक्या उतरात. पण मगे व्हाळ आपल्या बागेतसून जातलो. मधले माड रवाचे नाय." ती थांबली. "साहेबाक मी रेघ दाखवतलय. ती कोणी घातली ता माका म्हायत नाय. विमानाक नावां दिसणत नाय."

त्या वाक्यात नातीने तिला वाट काढून दिली होती, शेताच्या बांधावरून पाय ठेवायला फळी टाकावी तशी. तुळसाकाकी जेवली, भांडी घासली, बागेत गेली. मधले माड म्हणजे कुठले ते तिला पावलांनी माहीत होतं. पोफळींच्या अलीकडे जमीन जराशी बसकी आहे, तिथे पावसात बेडूक आधी ओरडतात. जमीन विसरली नव्हती. बत्तीस वर्षं व्हाळ तिथेच खाली निजलेला होता आणि त्याच्या अंगावर तिने माड उभे केले होते. तिने एका माडाला हात लावला. दुःख व्हायला हवं होतं, होतही होतं, पण त्याच्या वरून ते दुसरंच सारखं उसळत होतं, चूळ भरल्यासारखं तोंडात येऊन थांबत होतं. एकवीस हात. वीस नव्हे. उद्या देवळात चादरीवर ते चित्र पडेल आणि सगळं गाव बघेल. बघेल आणि? तिने विचार तिथेच सोडला. पाय एवढे हलके झाले होते की घरी येताना तिने वाटेतला दगडी गडगा चढून ओलांडला, फिरून न जाता.

सकाळी देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना पांढरी चादर बांधली होती. सरपंच ओमकार, कालचं पोर, साहेबाच्या पुढेमागे करत होता. गंगू रिकामी टोपली उलटी घालून तिच्यावर बसली होती. तुळसाकाकीला बघून ती म्हणाली, "ये गो बाय, तुझ्या जंगलाची आज हजामत." "तुझ्या जिभेची कोण करीत?" असं म्हणून तुळसाकाकी तिच्या शेजारीच टेकली. दिवे घालवले, जान्हवी शुद्ध मराठीत बोलायला लागली. वनस्पतींची घनता, प्रवाहाला होणारा अडथळा, पुराची पातळी. मग चित्र पडलं, आधी झाडांसकट, हिरव्यापिवळ्या ठिपक्यांचं. मग तिने कळ दाबली.

मंडपात माणसांनी श्वास घेतल्याचा आवाज झाला. तुळसाकाकी पुढे वाकली. केवढी रेघ ती. चादरीवर ती पुरुषभर लांब झाली होती, दोन्ही टोकांना काटकोनात मुडपलेली, कारण गणपत म्हणाला होता की कोपरा मुडपला नाही तर पाणी मागून खणेल. तो मुडपलेला कोपरा तिथे होता. बघा. बघा मेल्यांनो. आणि बघताबघता पुढच्या रांगेतला म्हातारा मानकरी उठला, चपला काढल्या आणि चादरीला हात जोडले. मागून दुसऱ्याने जोडले. "देवचाराचो बांध," कुणीतरी पुटपुटलं. "विमानाकय दिसलो." साहेब गोंधळून ओमकारकडे बघत होता. ओमकार शुद्ध मराठीत समजावत होता की साहेब, ही आमची श्रद्धेची जागा आहे, इथे हात लावता येणार नाही, तुम्ही झाडांचं तेवढं बघा. साहेब म्हणाला, ठीक आहे, मग झाडं काढू. जान्हवीने चादरीवरचं चित्र तसंच ठेवलं. तिने आजीकडे बघितलंसुद्धा नाही.

तुळसाकाकीला समोर फक्त जोडलेले हात दिसत होते, तिच्या कामाला जोडलेले, आणि त्यांतला एकही तिच्याकडे वळलेला नव्हता. कालपासून जे तोंडात येऊन थांबलं होतं ते आता थांबेना. ती उठली तेव्हा गुडघे वाजले.

"तो बांध माझो," ती म्हणाली. "माझो आणि माझ्या घोवाचो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागे कुणी हसलं. ओमकार जवळ आला, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलला, "काकी, देवाच्या कामाक आपला नाव लावू नये. बसा तुमी." "बसतय कित्याक?" तिचा आवाज आता नदीपल्याड जाईल एवढा झाला होता. "गावपळणीत आमी दोघांच हय होतंव. तीन दिवस. पडवीचे चिरे घातले. एकवीस हात." मानकरी चिडून म्हणाला की बाईमाणसाने तीन दिवसांत, दोन हातांनी, एवढा? झाडं वाचवायला ही काय वाट्टेल ते बोलते. गाव मान डोलवत होतं. तुळसाकाकीला आयुष्यात एवढा अपमान वाटला नव्हता. गुन्हा कबूल करायला उठावं आणि लोकांनी म्हणावं, तुझ्याच्याने झालाच नसेल. "रगडो," ती म्हणाली. "माझ्या सासूचो रगडो. नदीकडच्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली. चिरे कमी पडले म्हणान मी घातलंय."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. परबांचा रगडा देवचाराने नेला ही गोष्ट वाघोळ्यात पोरांना झोपवताना सांगत. सासू त्या रगड्यासाठी आठ दिवस रडली होती. तेवढ्यात गंगूचं हसू उसळलं, टोपलीवर बसल्याबसल्या ती गदगदा हलायला लागली. "माका तेव्हाच वाटला होता," ती म्हणाली, "देवचार रगड्यार काय वाटतलो? खोबरा?" मग तिने डोळे पुसले. "म्हणजे बत्तीस वर्षां आमी नारळ हिका दिलव." माणसं हसली, न हसायचं ठरवूनही हसली. आणि मग गंगूचं हसू गेलं. पाणी उतरावं तसं गेलं, खालचा चिखल दिसेपर्यंत.

"गेल्या श्रावणात मी माळ्यार होतंय," ती म्हणाली. "तू होडयेतसून भाकरी हाडलंस माका. तेव्हा तुका म्हायत होता?"

जान्हवीच्या चादरीवर ती रेघ अजून होती. नाही म्हणता आलं असतं. मोजणी काल दिसली, मला काल कळलं. पण तुळसाकाकी उजेडाचा तो कण होऊन स्वतःच्याच आत उतरत होती, पानं, फांद्या, आणखी पानं, आणि शेवटी काहीतरी कठीण लागलं. भाकरी बांधताना तिने एकीऐवजी सहा बांधल्या होत्या. का बांधल्या होत्या?

"म्हायत होता," ती म्हणाली. "पण मी झाडां वाढयलंय त्याच्यार."

गंगू उठली. देवळाच्या मागे रहाट कुरकुरत होता. मग तिने टोपली उचलून काखोटीला मारली. "मगे पयलो चिरो मी काढतलय," ती म्हणाली, आणि साहेबाला, सरपंचाला, कुणाला न विचारता चालायला लागली. घाडी नारळ घेऊन तिच्या मागे धावला. नारळ कुणाच्या नावाने फोडायचा यावर वाटभर वाद झाला.

वैशाखातली नदी गुडघाभर होती. पोरांनी कोयतीने केवडा बाजूला केला, तोडला नाही. तुळसाकाकी त्यांच्या डोक्यावर उभीच होती. फूटभर गाळाखाली चिरा लागला तेव्हा ओमकारने तो बोटांनी पुसला, कड चाचपली आणि काकीकडे वर बघितलं, पहिल्यांदाच, काकी कुणीतरी असल्यासारखं. साहेब टेप धरून वाकला होता. "एकवीस हातांहून चार बोटं जास्तच भरतात," तो म्हणाला. तुळसाकाकीला आपण हसतोय हे कळलं आणि ते थांबवता येत नाही हेही कळलं. मागे तिची बाग होती, बसक्या जमिनीवरचे ते माड सकाळच्या वाऱ्यात सळसळत होते. ती वळली नाही. गंगूने लोखंडी पारय उचलली, पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या एका चिऱ्याच्या फटीत टोक घातलं.

"तो नको गो," तुळसाकाकी म्हणाली. चप्पल काढून ती पाण्यात उतरली, वाकड्या करंगळीचा पाय तिने नेमका तिसऱ्या थरावर ठेवला, तिरक्या सांध्यावर. "हो काढ. हो मी नीट बसवक नव्हतंय. हो इलो की बाकीचे आपसूक येतले."